टॉवरचा खड्डा भरण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात रेडिओ टॉवरसाठी काढलेला खड्डा पाहिला. मीटरभर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल. टॉवर 15 मीटरचा, ताणाच्या तारा नाहीत. बांधावर शेजाऱ्याचा गोठा. त्या खड्ड्यापायीच हे पत्र.

मी चौतीस वर्षं टॉवरचे पाये भरले. घराचा पाया ओझं पेलतो, टॉवरच्या पायाला वाऱ्याशी झुंजावं लागतं. टॉवर खचण्याआधी उलटतो. माथ्याला 200 किलोचा रेटा बसला, तर 15 मीटर उंचीमुळे पायथ्याशी उलटवणारी ताकद 3,000 होते (किलो गुणिले मीटर). मीटरभर ठोकळ्याचं वजन 2,400 किलो, आणि कलंडताना त्याला हात (कडेपासून मध्यापर्यंतचं अंतर) मिळतो अर्ध्या मीटरचा, म्हणजे धरून ठेवायची ताकद त्याच हिशेबाने 1,200. बाकीचं कोण धरणार?

‘बाजूची माती धरते की,’ असं तिथला मिस्त्री म्हणाला. खानापूरकडच्या जांभ्यात धरेलही थोडीफार. पण आपली काळी माती? चैत्रात भेगेत मनगटापर्यंत हात जातो, ठोकळ्याची कड सुटी पडते. आषाढात तीच माती लोण्यासारखी होते. तिच्या भरवशावर राहू नये. खड्डा दोन मीटर लांब-रुंद आणि दीड मीटर खोल घेतला, तर ठोकळा 14,400 किलोचा आणि हात पुरा एक मीटरचा. खर्च वाढतो, मान्य. नेमकं माप मात्र माती आणि वारा पाहून इंजिनियरनेच द्यावं.

एक चूक माझ्याही हातून झाली आहे. बोल्ट जागेवर धरणारा साचा, म्हणजे फर्मा, नुसता सळयांना तारेने बांधला होता, व्हायब्रेटर लावताना तो अर्धा इंच सरकला. काँक्रीट घट्ट झाल्यावर टॉवरची प्लेट बसेना. मालकाने गॅसने भोकं मोठी केली आणि मी गप्प बसलो. दोन पावसाळ्यांत टॉवर एका अंगाला कलला, उतरवावा लागला. तेव्हापासून फर्मा बाहेरच्या लाकडी चौकटीला आवळतो, काँक्रीट पडत असताना ओळंबा आणि फूटपट्टी हातातून सोडत नाही.

मालाला पाणी हवं तेवढंच. सरकवायला सोपं जावं म्हणून बादलीभर जास्त ओततात, त्याने काँक्रीट कमजोर होतं. सळईला खालून-बाजूने 50 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, राहू द्या. अख्खा ठोकळा एकाच दिवशी, न थांबता भरा. माथा जमिनीपासून वीतभर वर आणि उताराचा ठेवा, बोल्टाशी पाणी साचलं की गंज धरतोच. हल्ली बहुतेक ठिकाणी पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट वापरतात, त्याला निदान 10 दिवस गोणपाट ओलं ठेवावं लागतं. टॉवर मात्र 28 दिवसांनीच चढवा.

मृग तोंडावर आला म्हणून मालकाला घाई आहे, हे कळतं. तो खड्डा अजून रिकामाच आहे. भरण्याआधी मला एक निरोप धाडा, मी येऊन माप घेईन. पैसे नकोत.

— एक निवृत्त गवंडी, येळ्ळूर