भेट होते त्यात काय एवढं?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत, आठ-दहा जणांच्या गोष्टी एकात एक गुंतवलेल्या पिक्चरांवरचा लेख वाचला. त्यात ‘क्रॅश’ या हॉलिवूडच्या पिक्चरला झोडपलंय ते ठीक, पण झोडपायचं कारण चुकलं असं वाटलं म्हणून लिहितोय. लेखकाचं म्हणणं असं की लॉस एंजेलिससारख्या लाखो लोकांच्या शहरात ज्या पोलिसाने आदल्या रात्री झडतीच्या नावाखाली बाईच्या अंगाला हात लावला तोच दुसऱ्या दिवशी तिला उलटलेल्या गाडीतून ओढून काढतो, हे काही पटत नाही.

न पटायला काय झालं? मागच्या हिवाळ्यात रेल्वे फाटकात एका बुलेटवाल्याने मला कट मारला, फाटक उघडेपर्यंत भांडण पार आईबापापर्यंत गेलं. चौथ्या दिवशी साडूच्या शेतात भरीत पार्टीला गेलो तर कपाशीच्या काड्यांच्या जाळाशी वांगी भाजत हाच बसलेला! साडूचा मावसभाऊ निघाला. त्याने वर बघितलं, वांगं उलटलं आणि म्हणाला, ‘या भाऊ, बसा, मिरची जास्ती चालते ना?’ बस, एवढंच. मग लाकडी बडगीत वांगी ठेचता ठेचता तासभर केळीच्या भावावर बोलला, मीपण बोललो.

तर योगायोग आम्हाला खटकत नाही, खान्देशात दोन माणसं पाच मिनिटं बोलली की सोयरीक निघतेच. ‘क्रॅश’मध्ये मला खटकतं ते म्हणजे एकाही माणसाला केळीचा भाव माहीत नाही. जो तो तोंड उघडतो ते वंशावर बोलायलाच, पोलीस असो की सरकारी वकिलाची बायको. माणसं कमी आणि मुद्देच जास्त.

आणि लेखात एक गोष्ट राहूनच गेली, तेव्हा समीक्षकांचं एकमत अजिबात नव्हतं. अमेरिकेतला नावाजलेला समीक्षक रॉजर ईबर्टने तर 2005 चा सगळ्यात चांगला पिक्चर म्हणून हाच निवडला होता. मार्च 2006 मध्ये ऑस्करला ‘ब्रोकबॅक माउंटन’ला मागे टाकून बेस्ट पिक्चर ह्यालाच मिळालं, दिग्दर्शनाचं मात्र ‘ब्रोकबॅक’च्या अँग लीला, तेव्हापासून जी बोंब सुरू झाली ती अजून चालूच आहे. खुद्द ‘क्रॅश’चा दिग्दर्शक पॉल हॅगिसनेही 2015 मध्ये कबूल केलं की त्या वर्षीचा बेस्ट पिक्चर आपला होता असं त्याला वाटत नाही. म्हणजे बक्षीस मिळालं नसतं तर इतक्या शिव्याही बसल्या नसत्या, हा आपला माझा अंदाज.

रॉबर्ट ऑल्टमनचा 1975 चा ‘नॅशविल’ बघा, 24 पात्रं आहेत, एकमेकांच्या बोलण्यात बोलतात, अर्धं ऐकू येत नाही, लग्नाच्या मांडवात बसल्यासारखं वाटतं! तिथं कोण कुणाला भेटलं ह्याचा हिशोब कुणी मागत नाही. आपल्याकडे निशिकांत कामतचा 2008 चा ‘मुंबई मेरी जान’ होता, 11 जुलै 2006 च्या लोकल स्फोटांवरचा. त्यातली माणसं एकमेकांना धड भेटतही नाहीत, त्यांना बांधून ठेवतो तो स्फोटच. परेश रावलचा रिटायर व्हायला आलेला पोलिसवाला पाटील फालतू जोक मारत राहतो, आणि त्यानेच तो जास्त लागतो. तुमच्या लेखात त्याला दीड ओळ. दीड!

तेवढं परीक्षणाखालच्या स्टारचंही बघा. पाच-सहा गोष्टींच्या पिक्चरला सरसकट अडीच स्टार देऊन मोकळं होता, त्यातली कोणती गोष्ट चांगली ते तर लिहा. तसंही आमच्याकडे पिक्चर लागेपर्यंत तुमच्या पुरवणीत भेळ बांधून झालेली असते.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)