शुक्रवारी पणजीला याल ना?

प्रिय आई आणि बाबा,

घरी आपण सगळं कोकणीतनं बोलतो, भांडतो पण कोकणीतनंच, पण लिहायला बसलं की माझ्या हातून मराठीच उतरतं, ती बाबांच्या शाळेची सवय. फोनवर हा विषय काढला की आई रडते आणि मग मी अर्ध्यावर सोडते, म्हणून लिहितेय. आई, चष्मा लाव आणि बाबांना मोठ्यानं वाचून दाखव.

येत्या शुक्रवारी संध्याकाळी पणजीत एका छोट्या हॉलमध्ये आमचं पाच जणांचं चित्रांचं प्रदर्शन आहे. आमचं म्हणजे बांबोळीच्या हॉस्पिटलात ओपीडीच्या बाकड्यांवर नंबरची वाट बघता बघता ज्यांची ओळख झाली त्यांचं. माझी अकरा चित्रं आहेत त्यात. दोन वर्षं मी हे करतेय आणि तुम्हाला सांगितलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

न सांगायचं कारण तसं साधं आहे. आई, मागे तू एकदा आलेलीस तेव्हा माझ्या हातात कात्री बघून म्हणालीस, एवढं दुखतंय तर हे कशाला, हात जरा राखून ठेव. मी त्यावर खूप दिवस विचार केला गं. राखून कशासाठी ठेवू? हा आजार, र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिस, वापरानं झिजून होणारा नाही. आपलंच शरीर आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करतं, मी गप्प बसले तरी करतं. फ्लेअर आला, म्हणजे आजार उसळला आणि बोटं सुजून गरम झाली की डॉक्टर पण आराम करायलाच सांगतात आणि मी करते, पण बाकीच्या दिवशी हात हलता ठेवलेलाच बरा असं तेच म्हणतात. आणि त्या शनिवारच्या गोळीचं, जिला शेजारची काकी कॅन्सरची गोळी म्हणाली आणि तू रात्रभर झोपली नाहीस, ती मेथोट्रेक्सेट. कॅन्सरला देतात हे खरं, पण खूप मोठ्या डोसमध्ये. र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिसला आठवड्यातनं एकदाच, थोडीशी, सोबत फोलिक ॲसिड आणि ठरलेल्या रक्ततपासण्या. मला कॅन्सर नाही आई. रविवारी मळमळतं आणि डोकं जड असतं एवढंच, म्हणून रविवारी मी तुझा फोन लवकर ठेवते.

तर चित्रं. ब्रश मला तासभर धरवत नाही. आधी एसीच्या पाईपवर घालतात तो काळा फोम ब्रशच्या दांड्यावर चढवून बघितला, दांडा जाड झाला की मूठ कमी आवळावी लागते, त्यानं थोडं चाललं. मग म्हापशाला एका टेलरच्या टेबलावर ती धागे कापायची छोटी कात्री दिसली, जिला बोटं घालायच्या कड्याच नसतात, दाबली की कापते आणि सोडली की स्प्रिंगनं आपोआप उघडते. उघडायला अंगठ्याला काहीच करावं लागत नाही! तेव्हापासून मी कागद कापते. आधी कागदावर काव रंग देते, देवळाच्या जुन्या भिंतींवर असतो ना तो तांबडा, मग कापून पांढऱ्यावर चिकटवते. बाबा, लहानपणी तुम्ही मला भिंत दाखवून सांगितलं होतंत की हे वरून रंगवलेलं नाही, लाल थर खरवडून खालचा चुना दाखवलाय. ते डोक्यात राहिलं होतं. आणि आकार सगळे चवथीला गणपतीच्या वर बांधतो त्या माटोळीचे: आंबाडे, कांगलां, सुपारीचे घोस, नारळाची पेंड. चित्रं लहान आहेत, वहीच्या पानाएवढी, कारण एका बैठकीला तेवढंच होतं. पहाटे चारला बोटं जाम होऊन जाग येते आणि गरम पाण्यात हात धरून बसते, तेव्हा खिडकीत जो उजेड येतो तो पण आलाय त्यात. पावसात कागदाला बुरशी धरते म्हणून सगळी चित्रं कपाटात बल्ब लावून ठेवलीत.

म्हणजे बघा, आजार एका बाजूला आणि चित्र दुसऱ्या बाजूला असं नाहीच आहे. साईज, वेळ, कात्री, सगळं त्यानंच ठरवलंय. लोक म्हणतात आजारी असूनसुद्धा किती छान, आणि ते प्रेमानं म्हणतात हे मला कळतं, पण ते 'असूनसुद्धा' मला बरोबर वाटत नाही.

हे माझ्या एकटीचं खूळ नाही. फ्रेंच चित्रकार आँरी मातिसचं १९४१ साली आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, सत्तरी उलटलेली, त्यानंतर बराचसा वेळ खाटेवर नाहीतर व्हीलचेअरवर. मदतनीस कागद रंगवून द्यायचे आणि तो कात्रीनं कापायचा, आणि शेवटी शेवटी भिंतभर मोठी चित्रं केली त्यानं अशी. रेन्वार, तोही तिथलाच चित्रकार, त्याला तर माझाच आजार, शेवटची पंचवीसेक वर्षं. बोटं आत वळलेली, तळहाताला कापड गुंडाळलेलं, हातात कोणीतरी ब्रश द्यायचं आणि तो रंगवायचा, १९१९ ला जाईपर्यंत. पॉल क्ले या चित्रकाराला कातडी आवळत जाणारा आजार झाला, १९३६ साली जेमतेम पंचवीस कामं झाली त्याच्या हातनं आणि १९३९ साली बाराशेच्या वर, बारीक रेघांच्या जागी जाड काळ्या रेघा आल्या. आणि आपल्या शांतिनिकेतनातले बिनोद बिहारी मुखर्जी, जन्मापासून एक डोळा निकामी, दुसरा अधू, पन्नाशीनंतर ऑपरेशन होऊन उरलेली नजरही गेली, तर ते चाचपून कागद कापायला लागले, भिंतीवर टाइल्सचं म्युरल केलं. त्यांचे ते कागद मला सगळ्यात जवळचे वाटतात. दुःखाचं काहीच नाही त्यांच्यात, निव्वळ आकार आहेत, आणि ते आकार बोटांनी शोधलेत हे दिसतं.

आमच्यात एक काका आहेत, आठवड्यातनं तीनदा डायलिसिस, प्रत्येक वेळी चार तास. सुईचा हात हलवायचा नाही म्हणून दुसऱ्या हातानं स्केच करतात, शेजारच्या खाटांची, मशीनची, झोपलेल्या माणसांची. एका मुलीला लुपस नावाचा आजार आहे, त्यात उन्हानं अंगावर चट्टे उठतात, ती रात्री भरतकाम करते. तिची कापडं बघ आई, तुला टाका ओळखता येईल.

आता जे बोलायला मला जड जातंय ते. धाकट्याचं लग्न बघताय म्हणून माझ्या आजाराचं बाहेर कोणाला सांगू नको असं तुम्ही म्हणालात, आणि मी दोन वर्षं ऐकलं. कोणी विचारलं तर हात जरा दुखतो म्हणते. बसमध्ये उभी राहते, कारण दिसायला मी धडधाकट आहे आणि जागा मागितली तर सांगावं लागेल. २०२३ च्या जानेवारीत पणजीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट झाला तेव्हा गेले होते, तिथं पण मागेच उभी राहिले, आपण यांच्यातल्या आहोत की नाही हेच ठरेना. आणि आता प्रदर्शनाच्या वेळी नेमकं उलटं झालं, एका माणसानं सुचवलं की चित्रांच्या शेजारी तुझ्या वाकड्या बोटांचा मोठा फोटो लाव, लोक थांबतील. मी नाही म्हटलं. माझे हात बघायला कोणी यावं असं मला नको आहे. पण लपवायचं पण नाहीये मला, बाबा. चित्राखाली लिहिलंय: कागद, काव, स्प्रिंगची कात्री. कोणी कात्रीचं विचारलं तर मी आजाराचं पूर्ण नाव सांगणार. तुम्हाला कोणी विचारलं तर तुम्हीही सांगा, आवाज खाली न करता. ज्या घरात हे ऐकून स्थळ मोडेल त्या घरी आपल्या मुलाला द्यायचंच कशाला?

आणि बाबा, तुमच्याबद्दल. जत्रेच्या नाटकांचे पडदे तुम्ही वीस-बावीस वर्षं रंगवलेत, जंगल, राजवाडा, रस्ता. मी देवळाच्या मंडपात बसून तुमचे डबे धरायची, तो राजवाड्याचा निळा मला अजून कुठं मिळालेला नाही. गेल्या चवथीला माटोळी बांधताना तुमचा उजवा हात थरथरत होता आणि मी बघतेय म्हटल्यावर तुम्ही तो खिशात घातलात. आईला वाटतं अशक्तपणा आहे. असेलही, पण डॉक्टरला दाखवू या, मी नंबर लावते, एक दिवस माझ्याकडे राहा. आणि पडदे का बंद केले त्याचं तुम्ही वय झालं असं सांगता, ते मला आता पटत नाही. रेघ सरळ येत नाही म्हणून बंद केलेत ना? मला ती थरथरलेली रेघ बघायचीय. खरंच बघायचीय.

मांडवीच्या काठचं जुनं जीएमसी, गोवा मेडिकल कॉलेज, आठवतं ना, जिथं माझा जन्म झाला. हॉस्पिटल बांबोळीला गेलं आणि त्या इमारतीत सेरेंडिपिटी कला फेस्टिव्हलच्या वेळी चित्रं लागलेली मी बघितलीत. एका लांब खोलीत उभी होते, तो वॉर्डच असावा, आणि मला वाटलं इथं आई मला घेऊन झोपली असेल. परत जाऊन कागद कापायला पहिल्यांदा बसले ती त्याच रात्री.

शुक्रवारी पेडण्याहून दुपारची बस धरा, म्हापशाला बदलून कदंबाच्या बसनं पणजीला या, स्टँडवर मी असेन. शनिवारी गोळी आहे, रविवारी माझ्यात जीव नसेल, म्हणून शुक्रवारच. आई, जेवण करून आणू नको, फक्त लिंबाचं लोणचं आण. आणि माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत बाबांचे ब्रश आहेत, जाड दांड्याचे, ते घेऊन या. दोन मी ठेवीन. बाकीचे तुमचे, बाबा.

तुमची,
बाय