चौदा सामन्यांत वर्ष कसं भागवायचं? क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. डॉ. मनसुख मांडविया,
केंद्रीय युवक कल्याण व क्रीडा मंत्री, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी कोल्हापुरात मुलींना फुटबॉल शिकवते. देशातल्या महिला क्लबांच्या अव्वल फुटबॉल स्पर्धेचा, म्हणजे इंडियन विमेन्स लीगचा, हंगाम मोठा व्हावा आणि त्याच्या तारखा वेळेवर जाहीर व्हाव्यात, एवढ्यासाठी आपल्याला लिहीत आहे.

२०२४-२५ चा हंगाम पाहा. आठ संघ, प्रत्येकाचे १४ सामने. जानेवारीत सुरू झालेली लीग एप्रिलमध्ये संपली. ईस्ट बंगालच्या मुलींनी विजेतेपद मिळवलं, गोकुलम केरळकडून खेळणाऱ्या युगांडाच्या फाझिला इक्वापुटनं २४ गोल केले. त्याच मोसमात पुरुषांच्या इंडियन सुपर लीगमध्ये प्रत्येक संघाला साखळीतच २४ सामने मिळाले. एप्रिलनंतर या मुलींनी काय करायचं? काही जणी राष्ट्रीय शिबिरात जातात, काहींना रेल्वेत किंवा पोलिसांत नोकरी असते. बाकीच्या घरी परततात आणि गावच्या मैदानावर एकट्यानं पळत राहतात. पळून दम टिकतो, पण अंगावर बचावपटू आल्यावर पास कुठे द्यायचा, हे सामना खेळल्याशिवाय येत नाही. सहा-सात महिने सामनाच नसेल तर वीस-बावीस वर्षांच्या मुलीचं केवढं नुकसान होतं, ते आम्ही प्रशिक्षक दर मोसमात पाहतो.

लीग वाढली की खेळ वाढतो, हेही आपण पाहिलं आहे. २०१७ मध्ये दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर ही लीग सुरू झाली. पुढे शिलाँग, लुधियाना, बंगळुरू, भुवनेश्वर, अहमदाबाद अशी दर वेळी लीगचा मुख्य टप्पा एकाच शहरात उरकायचा रिवाज पडला. अहमदाबादला तर २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यात खेळवलं! त्या डिसेंबरपासून मात्र क्लब पहिल्यांदा एकमेकांच्या मैदानावर जाऊन खेळू लागले. तो हंगाम ओडिशा एफसीनं जिंकला, आणि त्यांचे प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. जुलै २०२५ मध्ये चियांग माईत आपल्या मुलींनी थायलंडला २-१ नं हरवलं. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. पात्रता फेरी खेळून आशियाई चषक गाठण्याची भारताची ती पहिलीच वेळ. नोव्हेंबरमध्ये चीनमधल्या वुहानला, आशियाई महिला क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये, ईस्ट बंगालनं इराणच्या बाम खातून संघावर ३-१ असा विजय मिळवला. यात एकमेकांच्या मैदानावर खेळलेल्या त्या दोन हंगामांचा मोठा वाटा आहे, असं माझं ठाम मत आहे.

आणि या मुलींनी सोसलंय किती! जानेवारी २०२२ मध्ये आशियाई चषक आपल्याच महाराष्ट्रात होता, पण संघात कोरोना शिरला आणि नवी मुंबईत चायनीज तैपेईविरुद्ध उतरायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोकुलमच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या, तोवर फिफानं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं होतं. प्रशासनातल्या घोळाची शिक्षा मुलींना झाली. न खेळताच त्या परत आल्या.

आता आमच्याकडचं सांगते. २०२४-२५ च्या आठ संघांत महाराष्ट्राचा किंवा गोव्याचा एकही नव्हता. एके काळी एफसी कोल्हापूर सिटी या लीगमध्ये खेळत होता. आमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार अशा तालीम संघांच्या सामन्यांना गर्दी मावत नाही. फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या या शहरातली मुलगी लीगमध्ये खेळायचं म्हटलं की तिला राज्याबाहेर जावं लागतं. तिचे वडील मला विचारतात, "मॅडम, वर्षातले किती महिने पगार मिळणार?" लीगमधल्या प्रत्येक क्लबनं किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला निदान ३.२ लाख रुपये द्यावेत, असं महासंघानं २०२३ मध्ये ठरवलं. निर्णय चांगलाच आहे. पण संघात दहाच मुली नसतात, आणि करार लीगपुरता झाला तर उरलेल्या महिन्यांचं काय, हा त्या वडिलांचा प्रश्न तसाच राहतो.

लीग महासंघ चालवतो, हे मला ठाऊक आहे. पण महासंघाला वार्षिक मदत आपलं मंत्रालय देतं, आणि २०२५ चा राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदाही आपल्याच कारकिर्दीत झाला. त्या मदतीला तीन अटी जोडा. महिला लीगमध्ये प्रत्येक संघाला किमान २२ सामने मिळावेत. वेळापत्रक मोसमाच्या तीन महिने आधी जाहीर व्हावं आणि मध्येच बदलू नये. खेळाडूंचे करार किमान दहा महिन्यांचे असावेत आणि पगार जमा झाल्याचा हिशेब मंत्रालयानं तपासावा. क्लबांना प्रवासाचा खर्च पेलत नसेल तर तो काही वर्षं सरकारनं उचलावा. अस्मिता लीगमधून आपण हजारो लहान मुलींना मैदानावर आणत आहात, त्याबद्दल मनापासून आभार. त्यांना मोठं होऊन खेळायला ही लीग लागणार आहे.

पुढच्या हंगामाच्या तारखा ठरण्याआधी आपलं उत्तर मिळावं, ही विनंती.

आपली,
मुलींची एक फुटबॉल प्रशिक्षक, कोल्हापूर