रिकामी सीट पडद्यावर दिसू द्या

मा. संपादक,

इफ्फी, म्हणजे गोव्यातला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, जवळ आला की गोव्यातल्या महाविद्यालयांत लघुपटांची लगबग सुरू होते. त्यात बसमधल्या वर्णद्वेषावर कुणी चित्रपट करत असेल तर त्याचे स्वागतच आहे. मात्र एक शिवराळ कंडक्टर, एक आफ्रिकी विद्यार्थी आणि शेवटी भाषण ठोकणारा भला प्रवासी, ही मांडणी नको. प्रेक्षक कंडक्टरवर चिडतो आणि स्वतः मोकळा होतो.

सरकारी कदंब महामंडळाची असो वा खासगी बस, हा भेद बहुधा मुकाट्याने चालतो. आफ्रिकी किंवा ईशान्येकडच्या प्रवाशाशेजारची सीट रिकामी राहते आणि माणसे दांडा धरून उभीच राहतात. कुणी नाकाला रुमाल लावतो. ‘खाप्री’ (आफ्रिकी माणसाला हिणवणारा शब्द), ‘चिंकी’ मागून हळूच ऐकू येते, त्याला कुठे कळतेय या भरवशावर. लघुपट यावरच उभा राहावा. रिकाम्या सीटचा शॉट निदान चाळीस सेकंद न कापता ठेवावा. संकलनाला बसल्यावर पाचव्या सेकंदाला कात्री लावावीशी वाटते, पण प्रेक्षकाची नजर सीटवरून उभ्या माणसांकडे वळायलाच तेवढा वेळ लागतो. कॅमेरा बसलेल्या प्रवाशाच्या डोळ्यांच्या उंचीवर, बसच्या तळापासून पावणेचार फुटांवर हवा.

चित्रीकरणाला मांडवी नदीकाठचा पणजी-रायबंदर कॉजवे, म्हणजे बांधावरचा रस्ता, उत्तम. सुमारे तीन किलोमीटर सरळ रस्ता, ताशी तीसच्या वेगाने सहा मिनिटांचा सलग टेक मिळतो. बाहेर पाणी, खारफुटी आणि मिठागरे, त्यामुळे वेगवेगळ्या टेकची पार्श्वभूमी जुळते. बाजारातून बस नेली की प्रत्येक टेकला खिडकीत वेगळे दुकान येते आणि सगळे फसते. रायबंदरकडे जाताना मांडवी डावीकडे, म्हणजे उत्तरेला असते. पावसाळा सरल्यावर त्या बाजूला थेट ऊन येत नाही, म्हणून मुख्य पात्रे डाव्या खिडकीशी बसवावीत. बाहेरचे दृश्य पांढरे पडू नये यासाठी काचांना एनडी जेल, म्हणजे प्रकाश कमी करणारी करडी फिल्म, लावावी.

खरी डोकेदुखी आवाजाची. डिझेल इंजिन आणि खडखडणाऱ्या काचा संवाद गिळतात. काचांच्या फटींत रबराच्या पट्ट्या खुपसाव्यात, लेपल माईक (छातीशी लावायचे छोटे माईक) कपड्याच्या आत लावावेत आणि टेक संपताच इंजिन बंद करून तेच संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करावेत. कोकणी आणि हिंदी बसमध्ये बोलतात तशीच राहू द्यावी, मराठी उपशीर्षके द्यावीत.

चालू बसमधल्या प्रवाशांना न विचारता चित्रित करणे गैर आहे. बस भाड्याने घ्यावी. ज्यांच्यावर चित्रपट आहे त्या समाजातल्या कुणाकडून पटकथा आधी वाचून घ्यावी, आणि कुणालाही काळा रंग फासून उभे करू नये.

महोत्सवाच्या सभागृहात येणाऱ्याला हे बहुधा आधीच पटलेले असते. इफ्फीच्या आयोजनात असलेली एंटरटेन्मेंट सोसायटी आणि कदंब महामंडळाला आमची विनंती आहे: असे निवडक लघुपट पणजी, म्हापसा आणि मडगावच्या बसस्थानकांवर काळोख पडल्यावर दाखवावेत, आणि कंडक्टरांच्या प्रशिक्षणातही.

— लघुपट करणारे काही जण, पणजी