गल्ल्या आठवतात, आता त्या मोजूनही ठेवू

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल या कापड गिरण्यांच्या आसपासच्या चाळी आणि पूर्व भागातल्या विणकरांच्या पेठा यांविषयी सोलापूरकर भरभरून बोलतात. ‘इथे केवढं मैदान होतं!’ हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असते. नेमके केवढे, ते मात्र कोणी सांगत नाही. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलच्या आवारात आज वसाहती उभ्या आहेत. नव्या ले-आउटचे रस्ते पडले की जुन्या बोळाची खूण जमिनीवर राहत नाही, ती फक्त माणसांच्या डोक्यात राहते. आणि ती माणसे आता पंच्याहत्तरीच्या पुढे गेली आहेत. या आठवणी नकाशावर फुटा-मीटरात उतरवून घ्यायला हव्यात. ते कसे करायचे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

लहानपणची जागा आठवणीत नेहमी मोठी होते. म्हणून ‘मैदान किती मोठे होते?’ असे विचारूच नये. ‘तिथे काय खेळत होता?’ असे विचारावे. खेळाला जागा लागते आणि ती ठरलेली असते. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर, म्हणजे सव्वा गुंठ्याच्या थोडे वर. खो-खोचे २७ बाय १६, म्हणजे सवाचार गुंठे. आट्यापाट्यांची सूरपाटी, म्हणजे मधली उभी पाटी, ८९ फूट, तिच्यावरच्या ९ आडव्या पाट्या २३ फुटांच्या आणि एकमेकींपासून ११ फुटांवर. सगळे मिळून दोन गुंठ्यांना थोडे कमी. चाळीतली पोरे हे माप आखडून घेत आणि नऊऐवजी पाच-सहा पाट्यांवर भागवत. त्यामुळे पाट्या किती होत्या हे विचारावेच लागते. सहा पाट्या म्हणजे पाच अंतरे, ११ फुटांप्रमाणे ५५ फूट. ‘पाट्या पाण्याने आखायचो’ असे कोणी सांगितले तर जमीन मातीची होती हेही त्यातच कळते.

सगळ्यात चांगली मोजपट्टी मात्र विटी-दांडूची. विटी पडेल तिथपासून गलीपर्यंत, म्हणजे जमिनीतल्या छोट्या खळग्यापर्यंत, दांडूने मोजत यायचे: वकट, लेंड, मूंड, नाल, आर, डोळा, झकू. गल्लीगल्लीत उच्चार थोडा बदलतो. यातल्या पहिल्या चार शब्दांचे तेलुगू आकड्यांशी नाते सोलापुरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. झकूनंतर पुन्हा वकट, म्हणजे मोजणी सातासातांची. ‘भिंतीपर्यंत विटी गेली की दहा झकू व्हायच्या’ याचा अर्थ सत्तर दांडू. दांडू दोन फुटांचा धरला तर १४० फूट, म्हणजे जवळपास ४३ मीटर. दांडू सव्वादोन फुटांचा असेल तर हेच अंतर साडेसतरा फुटांनी वाढते आणि त्यात एका घराचा फरक पडतो. म्हणून सांगणाऱ्याला हातात काठी द्यावी, ‘एवढा होता’ असे बोट ठेवून दाखवायला सांगावे आणि तिथे खूण करून टेपने मोजावे. तोंडी सांगितलेली लांबी घेऊ नये. हात ती लांबी बरोबर दाखवतो.

विणकरांच्या पेठांत आणखी एक खूण कामाला येते. हातमागाच्या काळात ताणा, म्हणजे मागावरचे उभे सूत, मोकळ्या जागेत ताणून त्याची पाजणी करावी लागे, म्हणजे सुताला खळ द्यावी लागे. पाजणी जिथे चालत असे ती जागा सरळ, सपाट आणि लांब असणारच. ताणा उचलला की तीच जागा पोरांची. एखाद्या घरात पाजणीची जागा आठवत असेल तर खेळाची जागा तिथूनच शोधायला सुरुवात करावी.

गल्ली नाहीशी होते म्हणजे दर वेळी ती पाडली जाते असे नाही. आधी ओट्याला पायरी येते, मग बाहेरून जिना, मग जिन्यावर पत्रा, शेवटी खाली मोटारसायकल. बारा फुटांचा बोळ सहा फुटांवर येतो आणि कागदावर तो अजून बाराच असतो. दुसरे कारण जमिनीचे. गोट्यांची गल टाच रोवून, गोल फिरवून पाडतात, तिची खोली दोन बोटे. ती मुरमात नीट बसते आणि तिची कड ढासळत नाही. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात चिखल होतो आणि गल टिकत नाही. काँक्रीटमध्ये आणि पेव्हर ब्लॉकमध्ये ती पाडताच येत नाही. विटी कोलायला गल लागते आणि भोवऱ्याची आर काँक्रीटवर बोथटते. ज्या गल्लीचा रस्ता पक्का झाला तिथले हे तीन खेळ त्याच वर्षी थांबले असणार. लगोरी तेवढी राहिली, कारण सात खापऱ्या कुठेही रचता येतात. चिखलातून सुटका झाली हे चांगलेच झाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण रस्ता कधी पक्का झाला ते विचारून लिहून ठेवावे, कारण त्यावरून त्या गल्लीतले खेळ कधी थांबले ते कळते.

आता प्रत्यक्ष काम. नगर भूमापन कार्यालयातून त्या भागाच्या नकाशाच्या शीटची नक्कल घ्यावी. महापालिकेकडचा जुना नकाशा हवा असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची असते. नकाशाचे प्रमाण १:५०० असेल तर एक सेंटीमीटर म्हणजे पाच मीटर. झेरॉक्सवर मात्र विश्वास ठेवू नये. नक्कल शेकडा तीन जरी आखडली तरी ५० मीटरमागे दीड मीटर चुकतो आणि दहा फुटांचा बोळ निम्मा गायब होतो. आधी एखादी जुनी, न बदललेली भिंत जागेवर मोजावी, तीच नकाशावर मोजावी आणि फरक काढून ठेवावा.

जागा ठरवायला कायम खुणा लागतात: देऊळ, मशीद, तालीम, आड, रेल्वेची हद्द. दुकान, झाड, बसथांबा या खुणा धरू नयेत, त्या जागा बदलतात. हरवलेल्या प्रत्येक जागेचे अंतर दोन कायम खुणांपासून घ्यावे आणि तिसऱ्या खुणेपासून पडताळावे. ३० मीटरची टेप, जाड पुठ्ठा आणि दोन रंगांची पेन्सिल एवढे सामान पुरते. दोघांनी वेगवेगळे सांगून जुळले ते लाल, एकाच तोंडचे असेल ते निळे. चौघांना एकत्र बसवून कधीही विचारू नये. ज्याचा आवाज मोठा त्याची गल्ली नकाशावर येते आणि बाकीचे माना डोलावतात. आधी एकेकट्याला विचारावे, मग सगळ्यांना घेऊन सकाळी रहदारी सुरू होण्याआधी चालत जावे. बसून न आठवलेले वळण पाय लागल्यावर आठवते.

बायकांना वेगळे विचारणे तर फारच गरजेचे आहे. त्यांचा नकाशा निराळा असतो: नळकोंडाळे, धुण्याचा दगड, विड्या वळायला बसायचे ते ओटे. मुलींच्या मांडीवर धाकटे भावंड असे, म्हणून त्यांचे खेळही ओट्याला धरून: सागरगोटे, ठिकरी, दोरीच्या उड्या. पुरुषांच्या सांगण्यात हे ओटे येतच नाहीत. केवळ त्यांच्यावर विसंबलेला नकाशा अर्ध्या वस्तीचा होईल.

साल विचारले की बहुतेक जण चुकतात. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’, ‘किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटे ही भिंत होती का?’ असे विचारले की उत्तर नेमके येते. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट इथला माणूस विसरलेला नाही. दिवसाची वेळही घड्याळाने विचारू नये, मिलच्या भोंग्याने विचारावी. पाळी सुटली की गेटकडच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसे आणि खेळ मोडे. कोणत्या भोंग्याला कोणती गल्ली रिकामी करावी लागे, यावरून कामगारांची जाण्यायेण्याची वाट सापडते. नावे मात्र दोन्ही लिहावीत, जुने आणि नवे. कंबर तलाव म्हटले की जुन्या माणसाला सगळे उमजते, नव्या पोराला संभाजी तलाव सांगावे लागते.

हा उद्योग केवळ हौसेचा नाही. विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी आरक्षित जागा असतात. १९६६च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७प्रमाणे आराखडा मंजूर होऊन १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या २४ महिन्यांत संपादनाची कारवाई झाली नाही तर आरक्षण रद्द होते. वस्तीला हे बहुधा कुंपण पडल्यावर कळते. तयार झालेला आठवणींचा नकाशा आराखड्याच्या त्याच भागावर ठेवून पाहावा. जुन्या मैदानाचा एखादा तुकडा आजही आरक्षणात मोकळा असेल तर त्याचा सर्व्हे नंबर आणि आराखडा मंजूर झाल्याची तारीख लगेच टिपून ठेवावी.

आपल्या पुरवणीत आठवड्याला एका गल्लीचा असा नकाशा छापता येईल का, याचा विचार व्हावा. नकाशा हाताने काढलेला असला तरी चालेल, पण त्यावर प्रमाण, उत्तर दिशा आणि सांगणाऱ्यांची संख्या असावी. चूक दिसली तर वाचक कळवतील आणि पुढच्या आठवड्यात दुरुस्ती छापता येईल. कामाला जानेवारीत हात घालणे सोयीचे. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी पुण्या-मुंबईला गेलेली माणसे घरी येतात, दोन-तीन दिवस राहतात आणि संध्याकाळी होम मैदानावर भेटतातच. त्यांना सकाळी गल्लीत बोलवावे. डिसेंबरअखेर शीटच्या नकला हाती हव्यात, म्हणजे अर्ज नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच टाकावा लागेल.

आपला नम्र,
एक निवृत्त भूकरमापक
न्यू पाच्छा पेठ, सोलापूर