मन, मेंदू आणि ऐकून घेणे

निपाणी

चि. मृणालिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

मन ही मेंदूचीच क्रिया असेल, तर रुग्णाचे बोलणे तासन्‌तास ऐकत बसण्यापेक्षा औषध देऊन मोकळे का होऊ नये, असे तू धारवाडहून विचारले आहेस. तुझा पहिला मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मेंदूवेगळे मन मी मानत नाही, आणि रुग्णाला बोलते करून उपचार करणाऱ्या, म्हणजे मनोविश्लेषण करणाऱ्या फ्रॉइडची सुरुवातही तिथूनच झाली होती. शरीरक्रियाशास्त्रज्ञ ब्रूके यांच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या या मज्जातज्ज्ञाने सारे मनोव्यापार चेतापेशींच्या आधारे मांडू पाहणारा मसुदा १८९५ साली लिहिला; तो अपुराच राहिला आणि त्याच्या पश्चात १९५० मध्ये छापला गेला.

मला अधिक मोलाचे वाटते ते त्याचे १८९१ चे वाचाघातावरील, म्हणजे मेंदूला इजा होऊन वाचा जाण्यावरील पुस्तक. भाषेच्या एकेका कार्याला मेंदूतली ठरावीक जागा नेमून देणाऱ्या वेर्निके आणि लिख्टहाइम या डॉक्टरांच्या मांडणीला त्याने त्यात हरकत घेतली. ते वाचताना मला तुझी आत्या आठवते. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिला तांब्याला तांब्या म्हणता येईना, की कानडी नर्सबाईंकडे ‘नीरू’ मागता येईना. पण आकडे सुरू करून दिले की ती एकापासून पंचविसापर्यंत न अडखळता म्हणे, डाव्या हाताची बोटे मांडीवर पान वळल्यासारखी फिरत, आणि पंचवीस होताच ती थांबे, कारण तिने जन्मभर बांधलेले विडीचे बंडल पंचविसांचे होते. वाचा का गेली, हे मेंदूच्या चित्रावरून कळते. मोजणी तिथेच का थांबते, हे तिचे आयुष्य ठाऊक असल्याशिवाय कळत नाही.

तरीही ती मोजणी मेंदूतच होती, आणि खरा मुद्दा हाच आहे. आधी मनोविश्लेषक व्हायला निघालेल्या मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवर दाखवून दिले, की दीर्घकाळ टिकणारी स्मृती घडताना चेतापेशींमधले जोड प्रत्यक्ष वाढतात. २००० साली त्यांना नोबेल मिळाले. अनुभव जर असा पदार्थात उतरत असेल, तर तुझ्यासमोर बसून रुग्ण जे बोलतो आणि तू जे ऐकतेस, तोही त्याच्या मेंदूवर होणारा उपचारच आहे. फ्रॉइडची कित्येक अनुमाने टिकलेली नाहीत, ती तू खुशाल सोड. औषधही जरूर दे. मात्र ऐकणे सोडण्यासाठी भौतिकवादाचा, म्हणजे मन ही मेंदूचीच क्रिया आहे या मताचा, आधार घेऊ नकोस. तो तसा आधार देत नाही.

तुझे,
बाबा