टँडमच्या मागच्या सीटविषयी

ठाणे,
श्रावण अखेर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. चिखलाने माखलेल्या आम्हा दोघांचे छायाचित्र पाहून तू विचारले आहेस की, दोघांच्या सायकलवर हँडल पुढच्याच्या हाती, ब्रेक आणि गिअरही त्याच्याच हाती; मग मागचा नेमके काय करतो, आणि अशा वाटेवर तो ओझे ठरत नाही का? याचे उत्तर मला नीट द्यावेसे वाटते, कारण पुढील पावसाळ्यात त्या मागच्या सीटवर तू बसावेस अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधी यंत्राची रचना सांगतो. टँडमच्या, म्हणजे या दोघांच्या सायकलच्या, पुढच्या आणि मागच्या क्रँकना (पायडले ज्या दांड्यांवर बसतात त्यांना) जोडणारी एक स्वतंत्र चेन बहुधा डाव्या बाजूला असते. तिला टायमिंग चेन म्हणतात. तिच्यामुळे दोघांचे पाय एकाच गतीने फिरतात आणि एक थांबला की दुसऱ्यालाही थांबावे लागते. चाकाकडे जाणारी नेहमीची चेन मागच्या क्रँकवरून निघते, म्हणजे मी पुढे बसून लावलेला सगळा जोर मागच्याच्या क्रँकमधूनच चाकापर्यंत पोहोचतो. दोन चाकांमधील अंतर साध्या माउंटन बाइकमध्ये सव्वा मीटरच्या आसपास असते, तर टँडममध्ये ते पावणेदोन मीटरच्या घरात जाते. वजन दोघांचे आणि टायर मात्र दोनच, त्यामुळे मऊ मातीत ती अधिक रुतते, अरुंद वळणावर तिला जागा पुरत नाही आणि उंच बांध ओलांडताना तिचे पोट टेकते. सपाटीवर मात्र वारा जवळजवळ एकट्याच्या वाट्याचा आणि ताकद दोघांची असा हिशेब असल्याने ती एकट्या स्वाराला सहज मागे टाकते.

ते छायाचित्र ज्या शर्यतीचे आहे ती तळोज्याच्या अंगाला, खारघरच्या डोंगरामागील एका खाजगी माळावर होती. एवढी लांब सायकल मोटारीच्या कॅरिअरवर बसत नाही, म्हणून छोटा हत्ती ठरवला आणि फाळका उघडा ठेवून, दोऱ्यांनी आवळून, मुंब्रा बायपास व शीळफाट्यावरून आम्ही पहाटेच तेथे पोहोचलो. फेरा सुमारे पाच किलोमीटरांचा होता: मुरमाची गाडीवाट, भातखाचरांच्या कडेची पायवाट, एक ओढा आणि शेवटी लाल मातीचा चढ. चिखलाचे प्रकार टायरला फार स्पष्ट कळतात. पाऊस मुसळधार असेल तर माती पातळ होऊन टायरवरून उडून जाते आणि खालचा मुरूम पकड देतो. श्रावणात सर ओसरून थोडा वेळ ऊन पडले की तीच माती चिकट होते, तिच्यात गवताच्या काड्या मिसळतात आणि टायर व फ्रेम यांच्यामधली बोटभर फट भरून चाक फिरेनासे होते. त्या दिवशी सकाळभर सरी होत्या आणि नेमकी शर्यत सुरू होताना उघडीप आली. एकट्या स्वाराला अशा वेळी सायकल खांद्यावर टाकून धावता येते. चिखलाने भरलेली टँडम पंचवीस किलोंच्या घरात जाते. ती दोघांनी एकदम उचलावी लागते आणि पावलेही बरोबरीने टाकावी लागतात.

तयारी आम्ही आमच्या परीने केली होती. टायर खोल आणि विरळ नक्षीचे घेतले, त्यांत हवा तीस पीएसआयच्या आसपास ठेवली. एकटा स्वार याहून बरीच कमी हवा ठेवतो, पण दोघांच्या वजनाखाली तसे केले तर रिम दगडावर आपटते. ब्रेकचे रेझिनचे पॅड ओल्या चिखलात एका शर्यतीतही झिजून जाऊ शकतात, म्हणून धातुमिश्रित पॅड बसवले.

आता तुझ्या प्रश्नाकडे वळतो. लाल मातीच्या चढावर मागचे चाक बहुधा घसरते ते जोर धक्क्याने आल्यामुळे. दोघांचे क्रँक एकाच कोनात बसवले तर दोघांचाही जोर एकाच क्षणी येतो आणि पायडलांच्या प्रत्येक फेऱ्यात चाकाला दोनदा झटका बसतो. ते एकमेकांशी काटकोनात बसवले तर जोर वाटला जाऊन चाक सलग फिरते, पण मग कोणाचे ना कोणाचे पायडल खाली राहते आणि दगडावर आपटते. रानवाटेवर बहुतेक जण एकाच कोनाची रचना पसंत करतात, कारण अडथळा आला की चारही पायडले एकदम आडवी धरता येतात. आम्हीही तीच ठेवली. मग झटका कमी करण्याची जबाबदारी सर्वस्वी पायांवर येते, आणि माझ्या मते त्यातील मोठा वाटा मागच्याचा असतो. पुढच्याचे लक्ष वाटेत, हँडलमध्ये आणि ब्रेकमध्ये विभागलेले असते. चाकोरीतून सायकल बाहेर काढताना त्याचा पाय नकळत अडखळतो. मागच्याला मात्र आपले सगळे चित्त पायांच्या गोलाईवर ठेवता येते. शिवाय ओढणारे चाक त्याच्याच खाली असते. तो सीटवर स्थिर बसला तर त्याच्या वजनाने टायर मातीत दाबून राहतो, आणि न सांगता उभा राहिला तर त्याच क्षणी चाक जागच्या जागी गरगरते.

या वेळी मागे माझा पुतण्या होता. पहिल्या फेऱ्यात त्या चढावर आमच्या पुढचे बहुतेक जण उतरून चालत होते आणि वाटेत जेमतेम एका सायकलीपुरती कोरी माती उरली होती. माझे पुढचे चाक दोनदा सरकले, दोन्ही वेळा माझा जोर तुटला, पण पायडले थांबली नाहीत. त्याने वेग वाढवला नाही, कमी केला नाही, सीटवरून तसूभरही हलला नाही; मी सावरेपर्यंत त्याने एकट्याने ती सायकल वर नेली. तो चढ त्याचा होता, असे मी सगळ्यांना सांगतो. पुढच्या फेऱ्यांत माती इतकी तुडवली गेली की आम्हालाही उतरावे लागले.

मागच्याला वाट दिसत नाही, त्याच्या डोळ्यांसमोर पुढच्याची पाठ असते. म्हणून आम्ही मोजके शब्द ठरवून घेतले होते. ‘आडवे’ म्हटले की पायडले आडवी धरून स्थिर राहायचे, ‘खड्डा’ म्हटले की सीटवरून किंचित उचलायचे, ‘जोर’ म्हटले की पुढचे काही फेरे सर्व ताकद लावायची. यांतला कोणताही शब्द अर्धा क्षण उशिरा आला तर त्याचा उपयोग उरत नाही. उलट बाजूनेही बातमी येत असते. चेन घासल्याचा आवाज, मागच्या फटीत भरत चाललेली माती, मागून येणारा स्वार कोणत्या बाजूने पुढे जाऊ पाहतो, हे सारे मागच्याला आधी कळते. पुतण्याने तर पाण्याची एक बाटली पिण्यासाठी न वापरता केवळ आपल्या पायांजवळच्या चेनवर पिचकारी मारण्यासाठी राखून ठेवली होती, आणि त्या बाटलीमुळेच आमचे गिअर शेवटपर्यंत चालले असे मला वाटते.

ओढ्यात एकदा टायमिंग चेन उतरली. दातांमध्ये बारीक खडी अडकली की चेन वर उचलली जाते आणि ती थोडी जरी सैल असेल तर निसटते. अशा वेळी ती नुसती चढवून भागत नाही. दोघांचे क्रँक पुन्हा नेमक्या त्याच कोनात आणावे लागतात, एका दाताचा फरक पडला तरी पायांना तो जाणवतो. मी गुडघाभर पाण्यात सायकल उभी धरली आणि त्याने हाताने दात मोजून चेन बसवली. शर्यत आम्ही ठरलेल्या वेळेत पूर्ण केली. सपाटीवर मिळवलेले बरेचसे चढावर गेले, तरी मी अतिशय समाधानी आहे.

मागच्या स्वाराचा मान हा काही माझ्या एकट्याचा आग्रह नाही. ऑलिंपिकमध्ये टँडमची शर्यत १९०८ साली लंडनला होती आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर ती वगळण्यात आली. पॅरालिंपिकमध्ये मात्र टँडम आजही धावते. तेथे मागे बसणारा दृष्टिहीन स्वार हाच मुख्य खेळाडू असतो आणि पुढचा डोळस स्वार त्याचा पायलट. पुण्याचे दिव्यांशू गणात्रा स्वतः दृष्टिहीन आहेत. त्यांच्या अॅडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशनने अशाच जोड्यांना टँडमवरून मनालीहून खारदुंग ला खिंडीपर्यंत नेले. ज्याला वाट दिसत नाही तो त्या वाटेवरचा प्रवासी नसतो, असे या लोकांना पाहून कोण म्हणेल?

पुतण्या पुढील वर्षी शिक्षणासाठी नागपूरला जाईल, आणि मागच्या सीटसाठी माझ्या मनात तुझ्याशिवाय दुसरे नाव नाही. तू कृष्णाकाठी रोज सायकल चालवतोस हे एक कारण झाले. खरे कारण म्हणजे तू इतकी वर्षे तबल्याची साथ करतोस. गायक कोठेही भरकटला तरी विलंबित एकतालाचा ठेका तू ढळू देत नाहीस. चिखलात मला मागे असाच माणूस हवा आहे.

मे महिन्यात आठवडाभर सवड काढून ठाण्याला ये. उपवनहून येऊर गावाकडे जाणाऱ्या डांबरी चढावर आधी बसून चालवण्याचा आणि शब्दांवर पाय थांबवण्याचा सराव करू. माती पाऊस पडल्यावर पाहता येईल. मागचा हँडल माझ्याच सीटच्या नळीला जोडलेला असतो, त्यामुळे जागा आधी जुळवून घ्यावी लागते. तेव्हा उत्तर लिहिताना जांघेपासून टाचेपर्यंतचे आणि खांद्यापासून मनगटापर्यंतचे माप कळव, आणि तुझ्या सवयीची पायडले येताना घेऊन ये. नळी बदलावी लागली तर ती मागवण्यास वेळ लागतो, म्हणून दिवाळीपूर्वी होय किंवा नाही ते सांगितलेस तर बरे होईल. वहिनींची यास हरकत असेल तर त्यांच्याशी मी स्वतः बोलेन. काकूंना साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
स्नेहांकित मित्र